मूकपटातलं कुत्रं रडलं, बोलपटातलं घड्याळ बोललं : व्ही. शांताराम यांच्या कानाची गोष्ट

वाशिम : तुरीच्या वावरात रात्री जागलीला बसणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही, की भीती आधी कानातून येते. रातकिडे किरकिर करत असतात तोवर सगळं ठीक. ती किरकिर एकाएकी थांबली की हात आपोआप बॅटरीकडे जातो. मग कुठंतरी खसफस होते. रानडुक्कर आहे, रोही आहे की माणूस आहे, काहीच दिसत नाही. दिसत नाही म्हणूनच छातीत धडधडतं. जनावर एकदाचं समोर आलं की माणूस उलट मोकळा होतो, आरोळी ठोकतो, दगड भिरकावतो.

सिनेमातली भीती, काळजी, धाकधूक हीसुद्धा अशीच तयार होते. पडद्यावर काय दिसतं याच्याइतकंच काय ऐकू येतं आणि काय ऐकू येत नाही याला महत्त्व असतं. आज हे काम करायला मोठमोठे स्टुडिओ आणि कॉम्प्युटर आहेत. पण नव्वद वर्षांपूर्वी यातलं काही नसताना एका मराठी माणसाने अख्खा सिनेमा पार्श्वसंगीताशिवाय काढला आणि घड्याळाच्या टिकटिकीवर प्रेक्षकांना अस्वस्थ करून सोडलं. तो माणूस म्हणजे व्ही. शांताराम. पिंजरा आणि दो आँखें बारह हाथ या नावांनी आपल्या गावातली जुनी माणसं त्यांना ओळखतात. पण त्यांच्या कानाची गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. ती आज बघू.

कोल्हापूरचा पोरगा, हुबळीचं वर्कशॉप

शांताराम राजाराम वणकुद्रे यांचा जन्म 18 नोव्हेंबर 1901 चा, कोल्हापूरचा. घरची परिस्थिती साधारण. शिक्षण फार झालं नाही. लहान वयातच ते गंधर्व नाटक मंडळीत दाखल झाले. त्या काळी नाटक कंपनी म्हणजे पोरांसाठी शाळाच होती. पाठांतर, गाणं, पडदे, रंग, दिवे, सगळं तिथंच शिकायला मिळायचं. मायक्रोफोन नव्हता. शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू गेलं पाहिजे, एवढाच नियम.

पुढे घरच्यांबरोबर हुबळीला गेल्यावर पोटासाठी त्यांनी रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये काम केलं. तिथल्याच एका सिनेमागृहात पडेल ते काम करू लागले. दारावर उभं राहायचं, पाट्या रंगवायच्या आणि फुकटात सिनेमा बघायचा. तेव्हा सिनेमा मुका होता. पडद्यावर माणसं ओठ हलवायची आणि पडद्यासमोर बसलेले वादक पेटी-तबला वाजवायचे. आवाज सिनेमातून येत नव्हता, सिनेमाच्या बाहेरून येत होता.

1920 च्या सुमारास शांताराम कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत लागले. बाबूराव हे जबरदस्त कलावंत. नाटकाचे पडदे रंगवता रंगवता त्यांनी स्वतःचा कॅमेरा तयार केला होता. त्यांच्या हाताखाली शांताराम झाडू मारण्यापासून अभिनयापर्यंत सगळं शिकले. 1921 च्या सुरेखाहरण या मूकपटात त्यांनी कृष्णाचं काम केलं.

मुक्या सिनेमात रडलेलं कुत्रं

1925 साली बाबूरावांनी सावकारी पाश काढला. विषय शेतकऱ्याचा. कर्जापायी जमीन सावकाराच्या घशात जाते, शेतकरी देशोधडीला लागतो आणि शहरात मजूर होतो. देवादिकांच्या कथा पडद्यावर चालत होत्या त्या काळात हा विषय घेणं धाडसाचं होतं. त्यातला तरुण शेतकरी होते शांताराम. वऱ्हाडातल्या वाचकाला या गोष्टीचं वेगळं स्पष्टीकरण द्यायची गरज नाही. सात-बारा, गहाणखत आणि व्याज हे शब्द आपल्याकडे घरोघरी माहीत आहेत.

या सिनेमाची एक आठवण फार बोलकी आहे. मुंबईचे जे. बी. एच. वाडिया हे मोठे निर्माते. त्यांनी पुढे कित्येक वर्षांनी सावकारी पाशबद्दल लिहिलं. सिनेमातलं बाकी फारसं आठवत नव्हतं, पण अंधुक उजेडातली एक भकास झोपडी आणि तिथं रडणारं कुत्रं त्यांच्या मनातून गेलं नव्हतं.

आता गंमत बघा. सिनेमा मुका होता. पडद्यावरचं कुत्रं नुसतं तोंड वर करून होतं. त्याचा आवाज कोणत्याही पट्टीवर नव्हता. तरी पाहणाऱ्याच्या डोक्यात तो आवाज वाजला आणि वर्षानुवर्षं राहिला. कारण रात्री कुत्रं रडणं म्हणजे काय, हे ज्याने त्याने आपापल्या घरी ऐकलेलं असतं. आपल्याकडे तर कुत्रं रडलं की म्हातारी माणसं लगेच त्याला हाकलायला उठतात. शेतकऱ्याची जमीन जाणार, त्याचं घर मोडणार, हे सांगायला तेवढं एक दृश्य पुरलं.

त्या सिनेमात शांताराम कॅमेऱ्यासमोर होते. ऐकणाऱ्याच्या डोक्यात आवाज आधीपासूनच साठवलेला असतो, दिग्दर्शकाने फक्त त्याला जागं करायचं असतं, ही गोष्ट पुढे त्यांच्या स्वतःच्या सिनेमांत पुन्हा पुन्हा दिसते.

प्रभातची तुतारी

1927 साली नेताजी पालकर हा शांतारामांनी दिग्दर्शित केलेला पहिला सिनेमा आला. 1 जून 1929 ला कोल्हापुरात पाच जणांनी मिळून प्रभात फिल्म कंपनी सुरू केली. विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल, केशवराव धायबर, सीताराम कुलकर्णी आणि शांताराम. कंपनीचं चिन्ह होतं तुतारी फुंकणारी स्त्री.

सुरुवातीला प्रभातने सहा मूकपट काढले. त्यातला एक शिवाजी महाराजांवरचा. नाव होतं स्वराज्याचं तोरण. इंग्रज सरकारच्या सेन्सॉरला स्वराज्य हा शब्दच खुपला, म्हणून 1930 मध्ये तो उदयकाल या नावाने दाखवावा लागला. महाराजांचं काम शांतारामांनी स्वतः केलं होतं.

तेवढ्यात 14 मार्च 1931 ला मुंबईत आलम आरा लागला आणि हिंदी सिनेमा बोलायला लागला. मूकपटवाल्यांची धावपळ उडाली. प्रभातनेही कंबर कसली आणि 6 फेब्रुवारी 1932 ला अयोध्येचा राजा आला. हा पहिला मराठी बोलपट. राजा हरिश्चंद्राची कथा, गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे प्रमुख कामात. हिंदीतही तोच सिनेमा वेगळा चित्रित केला. चिन्हातली तुतारी आता प्रेक्षकांना ऐकूही येऊ लागली.

आवाजाची बाजू विष्णुपंत दामल्यांनी सांभाळली. काम सोपं नव्हतं. आता आपण आधी शूटिंग करतो आणि नंतर आवाज भरतो. तेव्हा जे बोललं, जे गायलं ते तिथंच, त्याच वेळी टिपलं जायचं. माइक लांबचा आवाज ओढायचा नाही, म्हणून नटांना त्याच्या जवळपासच उभं राहावं लागायचं. कॅमेरा स्वतःच घरघर करायचा, त्याला झाकून ठेवावं लागायचं. वादकांना झाडाआड, सेटच्या भिंतीआड लपवून वाजवायला लावायचे. बाहेर कावळा ओरडला, गाडी गेली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. आवाज फिल्मच्याच कडेला उजेडाच्या पट्टीने उमटवला जायचा. एकदा उमटला की उमटला.

अशा कामातून एक फायदा झाला. नको असलेला प्रत्येक आवाज पकडायची सवय या माणसांच्या कानाला लागली. नको ते ऐकू यायला लागलं की हवं ते निवडताही येतं.

जर्मनी, पुणे आणि एक डोळा

1933 मध्ये सैरंध्री हा सिनेमा रंगीत करायचा म्हणून शांताराम जर्मनीला गेले. रंग मनासारखे उतरले नाहीत आणि तो प्रयोग फसला. पण तिकडचं तंत्र बघून झालं. त्याच वर्षी प्रभात कोल्हापुरातून पुण्याला आली. 1934 चा अमृतमंथन पुण्यातल्या नव्या स्टुडिओतला. त्यात राजगुरूचं काम करणाऱ्या चंद्रमोहन यांचा नुसता डोळा पडदाभर दाखवला, तेव्हा लोक दचकले.

त्या सुमारास जर्मन सिनेमातही आवाजाचे मोठे प्रयोग झाले होते. 1931 साली फ्रिट्झ लांग यांचा एम आला. लहान मुलांचा जीव घेणारा एक माणूस शहरात फिरतोय आणि तो सारखी एकच शीळ घालतो. तो पडद्यावर दिसण्याआधी शीळ ऐकू येते. शेवटी त्याला ओळखतो कोण, तर फुगे विकणारा एक आंधळा. डोळस पोलिसांना जे जमलं नाही ते त्याच्या कानांनी केलं. आवाज ही गोष्ट सिनेमात फक्त बोलण्यासाठी आणि गाण्यासाठी नाही, हे जगभरातल्या चार-दोन दिग्दर्शकांना एकाच सुमारास उमगत होतं. त्यात आपला कोल्हापूरचा माणूसही होता.

कुंकू : पार्श्वसंगीत नको

1937 साली कुंकू आला. हिंदीत त्याचं नाव दुनिया न माने. कथा नारायण हरी आपटे यांच्या न पटणारी गोष्ट या कादंबरीवरची.

नीरा ही अनाथ मुलगी मामा-मामीकडे वाढलेली. मामा पैसे घेऊन तिचं लग्न काकासाहेब नावाच्या म्हाताऱ्या विधुर वकिलाशी लावून देतो. तिला फसवून बोहल्यावर उभं केलं जातं. काकासाहेबांना तिच्यापेक्षा मोठी मुलं आहेत. नीरा मात्र हे लग्न मानायलाच तयार होत नाही. रडत बसत नाही, पळूनही जात नाही. त्याच घरात राहून नकार देते. नीरेचं काम शांता आपटे यांचं आणि काकासाहेबांचं केशवराव दाते यांचं.

हा विषय तेव्हा जिवंत होता. म्हातारा नवरा आणि कोवळी नवरी यावर गोविंद बल्लाळ देवलांचं संगीत शारदा हे नाटक 1899 मध्येच येऊन गेलं होतं. 1929 चा शारदा कायदा झाला, 1 एप्रिल 1930 पासून लागू झाला. मुलीचं वय किमान 14 आणि मुलाचं 18 असं ठरलं. पण कायद्याने नवऱ्याच्या वयाला वरची मर्यादा घातली नव्हती. मुलगी वयात बसली की साठीच्या माणसाशीही लग्न लागू शकत होतं. कुंकू त्या पोकळ जागेवर बोट ठेवतो.

असा विषय म्हटल्यावर सारंगी, व्हायोलिन लावून प्रेक्षकांना रडवणं सोपं होतं. शांतारामांनी ते टाळलं. या सिनेमात पार्श्वसंगीत वाजवायचं नाही, असं ठरवलं. घरात, अंगणात, रस्त्यावर जे वाजतं तेवढंच ऐकवायचं. संगीतकार होते केशवराव भोळे, अमरावतीत जन्मलेले, म्हणजे आपल्या वऱ्हाडचेच. संगीतकाराने पार्श्वसंगीत नसलेल्या सिनेमाला होकार देणं ही साधी गोष्ट नाही. गाणी सिनेमात आहेत, पण प्रसंगातून उगवलेली. एका ठिकाणी तर नीरा इंग्रजी कविता गाते. बाकी वेळ घर जसं आहे तसं ऐकू येतं.

आणि घरात काय असतं? भिंतीवर लंबकाचं घड्याळ असतं. त्याची टिकटिक एरवी कोणाच्या लक्षात येत नाही. पण या घरात दोन माणसं एकमेकांशी बोलत नाहीत. म्हाताऱ्याला तरुण दिसायचंय, तो केसांना कलप लावतो, मिशा काळ्या करतो, आणि भिंतीवरचं घड्याळ त्याला दर सेकंदाला त्याचं वय सांगतं. नीरेसाठी तीच टिकटिक म्हणजे या घरात जाणारा तिच्या आयुष्याचा एकेक दिवस. एकच आवाज, पण ऐकणारी दोन माणसं दोन वेगळ्या गोष्टी ऐकतात. प्रेक्षक मध्ये बसून दोन्ही ऐकतो.

शेवटाकडे काकासाहेबांचं मन बदलतं. आपण या मुलीचं काय करून ठेवलंय हे त्यांना कळतं. विधवा मुलगी सुशिला, जी समाजकार्य करते, तिने त्यांना आरसा दाखवलेला असतो. तिचं काम शकुंतला परांजपे यांनी केलं. काकासाहेब नीरेला मोकळं करणारं पत्र लिहून ठेवतात आणि स्वतःचा शेवट करून घेतात. सिनेमा पाहताना लोकांना राग कोणाचा यावा आणि दया कोणाची, हे कोणतंही वाद्य सांगत नाही. ज्याचं त्याने ठरवायचं. पार्श्वसंगीत काढून टाकल्याचा खरा परिणाम हाच होता.

हा विषय जुना झाला असं समजू नका. आज मुलीच्या लग्नाचं वय 18 आणि मुलाचं 21 आहे. तरी बालविवाह रोखल्याच्या बातम्या आपण अजून वाचतो. आपल्या गावात असं काही होत असेल तर 1098 या चाइल्डलाइनच्या नंबरवर फोन करता येतो. नीरेला असा नंबर नव्हता.

आवाजाने ताण येतो तो कसा

शांतारामांचे सिनेमे आणि नंतरचे चांगले सिनेमे कान देऊन ऐकले तर चार-पाच युक्त्या सापडतात. त्या सगळ्या आपल्या रोजच्या जगण्यातल्याच आहेत.

पहिली, एकच आवाज पुन्हा पुन्हा. नळाचं ठिबकणं, घड्याळ, पाळण्याची कुरकुर. सुरुवातीला कान दुर्लक्ष करतो. मग वाट बघायला लागतो, आता पुढचा ठोका येईल. वाट बघायला लावलं की अर्धं काम झालं.

दुसरी, चालू आवाज बंद पाडणं. वावरात मोटार चालू असते तोवर तिचा आवाज आपल्याला ऐकूही येत नाही. ती बंद पडली की झोपलेला माणूसही उठून बसतो, कारण लाईन गेली, नाहीतर मोटार जळाली. सिनेमात रातकिडे, पंखा, गर्दीचा कलकलाट असाच अचानक काढून घेतात. प्रेक्षक सावध होतो आणि का झाला हे त्याचं त्यालाही कळत नाही.

तिसरी, आवाज आधी, माणूस नंतर. जिन्यावर बुटांचा आवाज येतो, दाराची कडी वाजते, पण दार उघडत नाही. दिसेपर्यंतच्या त्या वेळात प्रेक्षक स्वतःच सगळ्यात वाईट गोष्टीची कल्पना करून घेतो. दिग्दर्शकाचा खर्च वाचतो.

चौथी, उलटा आवाज. घरात मयत आणि शेजारी लग्नाची वाजंत्री. ज्याच्यावर ही वेळ आली आहे त्याला विचारा, त्या बँडइतका जीवघेणा आवाज दुसरा नसतो. दुःखाच्या प्रसंगाला दुःखाचं संगीत लावण्यापेक्षा हे जास्त लागतं.

पाचवी आणि सगळ्यात अवघड, काहीच न वाजवणं. यासाठी दिग्दर्शकाला आपल्या गोष्टीवर आणि नटावर भरवसा लागतो. कुंकूमध्ये शांतारामांनी तो दाखवला.

राजकमल आणि तिथला आवाज

कुंकूनंतर 1939 मध्ये माणूस आला. एक पोलीस शिपाई आणि कोठ्यावरची मैना यांची गोष्ट, शाहू मोडक आणि शांता हुबळीकर यांच्या कामाची. 1941 चा शेजारी दोन जिवलग मित्रांचा, एक हिंदू आणि एक मुसलमान. धरणाच्या कामावरून गावात फूट पाडली जाते, मित्र दुरावतात आणि धरण फुटतं तेव्हा दोघं एकत्र मरतात. देशात तेव्हा दोन धर्मांमधली दरी वाढत होती, हे लक्षात घेतलं की या शेवटाचं वजन कळतं.

1942 मध्ये शांताराम प्रभातमधून बाहेर पडले आणि मुंबईत परळला राजकमल कलामंदिर काढलं. शाहीर होनाजी बाळावरचा अमर भूपाळी 1951 मध्ये आला. त्याची दखल 1952 च्या कान महोत्सवात घेतली गेली, तीही ध्वनिमुद्रणासाठी. मराठी सिनेमाच्या आवाजाचा परदेशात गौरव व्हावा, ही त्या काळी केवढी मोठी गोष्ट.

याच राजकमलमध्ये पुढे मंगेश देसाई नावाचे ध्वनितज्ज्ञ घडले. सिनेमातले संवाद, संगीत आणि बाकीचे आवाज एकत्र मिसळायचं काम त्यांच्याइतकं चांगलं करणारे देशात फार थोडे होते. बंगालचे सत्यजित राय आपल्या सिनेमांच्या आवाजासाठी त्यांच्याकडे यायचे. शोलेच्या आवाजाची मिसळणही त्यांचीच. ठाकूरच्या घरच्यांना गब्बर मारतो तो प्रसंग आठवा. वारा आणि झोपाळ्याची किरकिर. गोळ्यांच्या आवाजापेक्षा तो झोपाळा लोकांना जास्त आठवतो. कुंकूच्या घड्याळाचं आणि या झोपाळ्याचं नातं लगेच ओळखू येतं.

जेलर आणि बैल

1957 चा दो आँखें बारह हाथ आपल्याकडच्या कित्येकांनी पाहिलेला असेल. कथा ग. दि. माडगूळकरांची. तिला आधार होता औंध संस्थानात झालेल्या खऱ्या प्रयोगाचा. तिथं कैद्यांना भिंतीबाहेर, उघड्या माळावर वसवून शेती करायला दिली होती. आटपाडीजवळची ती वसाहत स्वतंत्रपूर या नावाने ओळखली जाते.

सिनेमात खुनाची शिक्षा भोगणारे सहा कैदी आणि एक जेलर पडीक जमीन कसतात, भाजी पिकवतात आणि रास्त भावात बाजारात विकतात. त्यामुळे तिथल्या व्यापाऱ्याचं पित्त खवळतं. बाजारभावाचं हे राजकारण आपल्या शेतकऱ्याला नवीन नाही. जेलरचं काम शांतारामांनी स्वतः केलं. बैलाशी झुंजण्याच्या दृश्यात त्यांच्या डोळ्याला मोठी इजा झाली. काही काळ डोळ्यांवर पट्टी बांधून पडून राहावं लागलं. दृष्टी जाते की राहते अशी वेळ होती. सुदैवाने डोळा वाचला.

ज्या माणसाने आयुष्यभर कानाचा एवढा विचार केला त्याला काही दिवस फक्त कानांवर जगावं लागलं. या सिनेमाला 1958 च्या बर्लिन महोत्सवात मोठं पारितोषिक मिळालं आणि पुढे अमेरिकेतही गौरव झाला. संगीत वसंत देसाई यांचं होतं. त्यातली प्रार्थना आजही शाळांमध्ये म्हटली जाते.

दोषही सांगितले पाहिजेत

मोठ्या माणसाचं चरित्र सांगताना नुसती आरती ओवाळण्यात अर्थ नाही. झनक झनक पायल बाजे (1955) आणि नवरंग (1959) यांनंतर शांतारामांच्या सिनेमात रंग, नाच आणि देखावा वाढत गेला. कुंकूमधली काटकसर मागे पडली. पुढच्या काळातले त्यांचे काही सिनेमे लोकांना भडक वाटले आणि चाललेही नाहीत. खाजगी आयुष्यात त्यांची तीन लग्नं झाली. विमलाबाई, मग जयश्री आणि नंतर संध्या. स्त्रीच्या मनाचा विचार पडद्यावर करणारा माणूस घरातही तसाच होता का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि आजही विचारला जातो.

तरी 1972 मध्ये, वयाची सत्तरी ओलांडल्यावर, त्यांनी पिंजरा काढला आणि महाराष्ट्रभर गाजवला. डॉ. श्रीराम लागू, संध्या आणि निळू फुले. संगीत राम कदम यांचं. गावाला आदर्श वाटणारे मास्तर तमाशातल्या बाईच्या मोहात पडतात. गावाला वाटतं मास्तर मेले, त्यांचा पुतळा उभा राहतो. खरे मास्तर मात्र तमाशाच्या फडात तुणतुणं धरून उभे असतात. शेवटी स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली फासावर जातात.

इथंही आवाज बघा. गावात फडाची ढोलकी वाजते तेव्हा सुरुवातीला मास्तरांना तिचा संताप येतो. नंतर त्याच फडात त्यांच्या हातात तुणतुणं येतं. ज्या माणसाच्या शब्दाला गावात वजन होतं, तो आता नाचणारीच्या मागे उभा राहून एका तारेवर साथ करतो. मास्तर किती खाली आले हे सांगायला वेगळा संवाद लागत नाही.

शेवट आणि मागे राहिलेलं

1985 चा दादासाहेब फाळके पुरस्कार शांतारामांना मिळाला. 30 ऑक्टोबर 1990 ला मुंबईत त्यांचं निधन झालं. 1992 मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाला. पुण्यातल्या प्रभातच्या जागेवर 1960 पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे. सिनेमाचा आवाज कसा टिपायचा, कसा मिसळायचा, याचं शिक्षण आज त्याच आवारात दिलं जातं. खेड्यातली पोरंपोरीही प्रवेश परीक्षा देऊन तिथं जाऊ शकतात. कॅमेऱ्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं, पण ध्वनीचाही वेगळा अभ्यासक्रम तिथं आहे, हे आपल्याकडच्या मुलांना माहीत असायला हवं.

रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा, कुठल्याही गावात जा, पोरं मोबाइलवर रील बनवताना दिसतात. व्हिडिओ कसाही असो, वर एक तयार गाणं चिकटवलं की झालं. बैलपोळ्याचा व्हिडिओ असतो आणि त्यात घुंगरांचा आवाजच नसतो. आजीच्या जात्याचा व्हिडिओ असतो आणि जात्याची घरघर गाण्याखाली दबून जाते. पुढे पंधरा-वीस वर्षांनी आजी नसेल, जातंही नसेल. तेव्हा ते गाणं कुठंही मिळेल, ती घरघर मात्र कुठंच मिळणार नाही.

म्हणून एक साधी गोष्ट करून बघा. रात्री सगळं निजल्यावर कानाला हेडफोन लावा, मोबाइलवर कुंकू किंवा दुनिया न माने शोधा आणि लावा. पट्टी जुनी आहे, आवाजात खरखर आहे, पहिली काही मिनिटं कंटाळा येईल. थोडं थांबा. मग काकासाहेबांच्या घरातलं घड्याळ ऐकू यायला लागेल. आणि पुढचा रील करताना एकदा गाणं बाजूला ठेवून फक्त तुमच्या वाड्याचा, वावराचा, बाजाराचा आवाज तसाच राहू द्या.

एका नजरेत

- जन्म : 18 नोव्हेंबर 1901, कोल्हापूर
- दिग्दर्शित पहिला सिनेमा : नेताजी पालकर (1927)
- प्रभात फिल्म कंपनी : 1 जून 1929
- पहिला मराठी बोलपट : अयोध्येचा राजा (1932)
- पार्श्वसंगीताशिवाय सिनेमा : कुंकू (1937)
- राजकमल कलामंदिर : 1942
- गाजलेले इतर सिनेमे : माणूस (1939), शेजारी (1941), अमर भूपाळी (1951), दो आँखें बारह हाथ (1957), पिंजरा (1972)
- निधन : 30 ऑक्टोबर 1990, मुंबई